कंसातला माणूस

"शांतपणे" हा शब्द एफीने सगळ्यात आधी खोडायला लावला.

"लॉकी मॅकफीने जन्मात एक काम शांतपणे केलं नाही," ती म्हणाली. "मरायचं तेवढं शांतपणे करेल होय? 'घरी, आपल्या माणसांत' असं लिही."

ब्लेअरने मुकाट्याने खोडलं. नगरपालिकेची बर्फ ढकलायची गाडी चालवून चालवून त्याचे पंजे एवढे रुंद झाले होते की त्यात पेन दिसतच नव्हतं. पण थोरला मुलगा तो, त्यामुळे वडिलांची निधनवार्ता लिहायचं काम त्याच्यावर आलं होतं. अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या फ्युनरल होमच्या माणसाला पाचच्या आत मजकूर हवा होता. टेबलावर कागद ठेवायला जागा नव्हती. सकाळपासून शेजारणी भांडी घेऊन येत होत्या. मॅकरोनी, माशाच्या वड्या, अंड्याची सँडविचेस, खजुराच्या वड्या, आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. दुःख केवढंही असो, भांडं परत गेलं पाहिजे, हा आमच्या ग्लेस बे गावाचा नियम आहे.

"मागे कोण कोण ते घे आता," एफी म्हणाली.

"पत्नी एफी," ब्लेअर मोठ्याने म्हणत लिहू लागला. "मुलगा ब्लेअर, कंसात इव्हॉन. मुलगी कोलीन..."

आणि पेन थांबलं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात थांबण्यासारखं काय आहे? पण आमच्याकडे लग्न चर्चमध्ये लागतं ते नुसतं लागतं. पक्कं होतं ते पेपरात, घरातलं कुणी गेल्यावर. मुलीचं नाव, पुढे कंस, कंसात तिचा माणूस. एकदा कंसात बसला की गावाच्या लेखी बसला. कोलीनचा नवरा टेरेन्स घर सोडून पळाला, तरी मावशीच्या निधनवार्तेत तो कंसात होताच. त्याला तिथून बाहेर काढायला काका मरेपर्यंत थांबावं लागलं.

आता कंस रिकामा होता, आणि त्यात बसू शकणारा माणूस खिडकीबाहेर पायऱ्यांवरचा बर्फ उपसत होता.

"काय लिहू?" ब्लेअरने विचारलं.

"वेंडेल लिही. दुसरं काय लिहिणार?" एफी म्हणाली.

"नको!" कोलीन आणि इव्हॉन दोघी एकदम बोलल्या, आणि दोघींनी एकमेकींकडे चमकून पाहिलं. या नणंद-भावजयीचं एका गोष्टीवर एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"का नको?" एफीने विचारलं.

"अहो आई, कंसात आला म्हणजे तो तिचा माणूस झाला," इव्हॉन म्हणाली. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर बसायची, आणि असल्या गोष्टी तिला तोंडपाठ होत्या. "तिचा माणूस म्हणजे त्याचा पगार तिचा. मग सरकारी भत्ता बंद. भत्त्याबरोबर औषधाचं कार्डही गेलं. हिच्या बोटांचं इंजेक्शन काय किमतीचं आहे ते मी रोज मशीनवर बघते. आणि दिवाळखोरीचे हप्ते वसूल करणारा तो ट्रस्टी म्हणणार, घरात एवढा पैसा येतो ना, मग आणखी वर्षभर हप्ते भर."

"ईस्टरला सुटत होते मी त्यातून," कोलीन म्हणाली. तिने हात मांडीवर, टेबलाखाली ठेवले होते. मासळीच्या कारखान्यात वीस वर्षं कापून कापून तिची बोटं गाठाळली होती. सकाळी कपाचा कानही धरता येत नसे. टेरेन्सच्या ट्रकच्या कर्जावर तिने सही केली, ट्रक घेऊन टेरेन्स गेला, कर्ज घरी राहिलं. त्यातून दिवाळखोरी.

"मग 'खास मित्र वेंडेल' असं लिहू," ब्लेअर म्हणाला. "लिहितात की लोक."

"खास मित्र!" एफी कडाडली. "त्या हेक्टरच्या म्हाताऱ्या बापाच्या निधनवार्तेत 'खास मैत्रीण' छापलं होतं, तेव्हा अख्खं गाव महिनाभर हसत होतं. लॉकीला उचलून न्हाणीघरात नेणारा माणूस खास मित्र काय?"

"तसंही आता काय उपयोग," कोलीन म्हणाली. "भत्त्याच्या कार्यालयाला कळलंय."

एफीने किटली खाली उतरवली.

"काय कळलंय?" ब्लेअरने पेन खाली ठेवलं.

"मागच्या आठवड्यात त्या बाईचा फोन आला. 'तुमच्याकडे कुणी राहतं का?' मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, 'मग दर शनिवारी तुमच्या वडिलांना आंघोळ कोण घालतं?'" कोलीनने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "येत्या गुरुवारी बोलावलंय. आता मला सांगा, शनिवारची आंघोळ गावात कुणाला माहीत होती? ट्रक उभा दिसतो, तो कुणालाही दिसतो. आंघोळ या घराच्या आत होते. आणि या घरात कोण असतं? तुम्ही तिघं."

"म्हणजे? आमच्यापैकी कुणी फोन केला म्हणतेस?" इव्हॉनचा आवाज चढला.

"मी काही म्हणत नाही. माझ्या इंजेक्शनचा डबा दर महिन्याला तुझ्याच हातून येतो, एवढंच म्हणते. देताना तोंड असं करतेस की जसं काही तुझ्या खिशातून चाललंय."

"बघितलंत, बघितलंत आई? मी हिच्या बाजूने बोलायला गेले!"

"तोंड सांभाळ, कोलीन," ब्लेअर म्हणाला. "माझी बायको असलं काही करायची नाही."

"मग तू केलंस का?"

ब्लेअरची खुर्ची करकरली. तो उठला, कोट खांद्यावर टाकला आणि बाहेर गेला. दाराच्या मागे भांडण सोडून जायची ही पद्धत त्याच्या बापाचीच होती.

इव्हॉन सिंककडे वळून स्वच्छ असलेली भांडी पुन्हा धुऊ लागली. तिचे कान लाल झाले होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. तिने कार्यालयाला फोन केला नव्हता, देवाची शपथ. पण हिवाळ्यात एकदा बिंगोच्या हॉलमध्ये, आकडे मनासारखे लागत नव्हते तेव्हा, ती पाइन नावाच्या बाईला बोलून गेली होती की कोलीनच्या अंगणात हल्ली ट्रक उभा असतो आणि भत्ता मात्र चालूच आहे. पाइन बाईला सांगणं आणि रेडिओवर सांगणं यात फरक एवढाच की रेडिओ मध्ये मध्ये बंद होतो. आंघोळीचं बोलले होते का मी? इव्हॉन आठवून आठवून दमली. आठवेना.

बाहेर मागच्या पायरीवर वेंडेलने फावडं भिंतीला टेकवलं. भिंत दोन घरांची होती. कोळशाच्या कंपनीने खाणकामगारांसाठी बांधलेली ही जोडघरं, एका छपराचे दोन भाग. या अर्ध्यात लॉकी आणि एफी, त्या अर्ध्यात कोलीन. मधली भिंत इतकी पातळ की या बाजूला शिंक आली तर त्या बाजूने 'गॉड ब्लेस यू' यायचं. म्हणूनच वेंडेल कधी राहायला आला, हे कुणालाच नेमकं सांगता यायचं नाही. दूर अल्बर्टाच्या तेलाच्या कामावर तो तीन आठवडे असायचा, मग दोन आठवडे घरी. घरी म्हणजे लुईबर्गला बहिणीकडे, कागदोपत्री. आधी तो कोलीनकडे रविवारच्या जेवणाला यायचा. मग लॉकीला अर्धांगाचा झटका आला, एकट्या एफीला तो उचलवेना, म्हणून इकडे असला की वेंडेल शनिवारी थांबू लागला. मग बहिणीकडे जायचंच राहिलं. सामान म्हणून त्याने आणलं ते दाढीचं किट आणि बुटांचा एक जोड.

"बर्फ पुरे," ब्लेअर म्हणाला.

"माणसं घसरतील उद्या."

"वेंडेल, एक स्पष्ट बोलू?"

"बोल."

"हे घर आईचं आहे. पलीकडचंही कागदावर बाबांचं, म्हणजे आता आईचंच."

वेंडेलने टोपी मागे सरकवली. "मी विचारलं का कुणाचं आहे ते?"

"नाही विचारलंस. तेच म्हणतोय मी. दोन वर्षांत एकदा नाही विचारलंस. माणूस सहज विचारतो."

"विचारलं असतं तरी तू हेच म्हणाला असतास, की बघा, विचारतोय."

ब्लेअरने पायरीची कड बुटाने खरवडली. त्याच्याही मनात एक काटा होता. आइस हॉकीच्या मैदानावर तो एका चुलतभावाला म्हणाला होता, हा पठ्ठ्या पगार तिकडे कमावतो आणि पाय पसरतो आमच्या बहिणीकडे. तो चुलतभाऊ कुणाकुणाशी बोलतो हे त्याला माहीत होतं.

"कार्यालयाला कुणी तरी तुझं सांगितलंय," तो म्हणाला. "तू तर नाही सांगितलंस?"

"मी? मी कशाला माझीच..." वेंडेल थांबला. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं, तू."

दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. दोन बोकड असे उभे राहतात, आणि एकालाही पुढे यायचं नसतं.

"मी नाही," ब्लेअर म्हणाला.

"बरं."

"खरंच नाही."

"बरं म्हटलं ना. आत चल, बोटं गळून पडतील."

एफी चहासाठी दूध काढायला फ्रिजपाशी गेली होती. ती कुणाचं ऐकत नव्हती. मधल्या भिंतीमुळे तिला सगळ्यांचंच ऐकायची सवय होती, आणि म्हणूनच हवं तेव्हा ती कान बंद करू शकायची. पलीकडे दोन कप ठेवल्याचा आवाज ती दोन वर्षं ऐकत आली होती. आधी एकच कप वाजायचा. रात्री कोलीनचं रडणं यायचं, आणि एफी या बाजूला जागी राहून छताकडे बघायची. मग दुसरा कप आला, आणि रडणं थांबलं. एवढं तिला पुरेसं होतं. कार्यालयाला हे चालतं का, ते तिने कधी विचारलं नव्हतं आणि विचारणारही नव्हती.

पण आता तिच्या डोक्यात संशय शिरला होता, आणि तो स्वतःच्या पोरांबद्दल होता. ब्लेअर असेल का? जिभेचा सैल आहे. इव्हॉन? मनाची वाईट नाही, पण बिंगोला जाते. नवरा अजून जमिनीत गेला नाही, आणि मी पोरांची तोंडं चाचपतेय, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिने फ्रिजचं दार लावलं.

दारावर शेवंडाच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली पेपरातलं कात्रण होतं. जानेवारीपासून ते तिथेच होतं. कचऱ्याच्या गाडीच्या वेळापत्रकाशेजारी. घरातला प्रत्येक जण दूध काढताना ते बघत होता, म्हणून कुणीच बघत नव्हतं.

एफीने चष्मा लावला.

"अरे देवा," ती म्हणाली. "लॉकी, लॉकी."

"काय झालं, आई?" कोलीन उठली. ब्लेअर आणि वेंडेल दारातून आत येत होते.

एफीने कात्रण काढलं आणि उभ्यानेच वाचलं. आमच्याकडे दवाखान्यातून माणूस जिवंत घरी आला की पेपरात जाहीर आभार मानायचे असतात. न मानणारा माणूस कृतघ्न. लॉकीने तोंडाने सांगितलं होतं, एफीने लिहून घेतलं होतं.

"'वॉर्डातल्या सगळ्या नर्सबाईंचे आभार. प्रार्थनेबद्दल फादरचे आभार, पण पुढच्या वेळी छोटी करावी. खारवलेला मासा पाठवणाऱ्या आर्चीचे आभार. आणि विशेष आभार पलीकडच्या घरात माझ्या कोलीनबरोबर राहणाऱ्या वेंडेलचे. तो इकडे असला की दर शनिवारी मला आंघोळ घालतो, आणि त्याने एकदाही नाक मुरडलेलं नाही. सख्खा मुलगा मुरडतो.'"

 हे छापून आलं त्या दिवशी सगळे पोट धरून हसले होते. ब्लेअर सर्वांत जास्त. त्याने गाडीतल्या पोरांना वाचून दाखवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"बाबांनी?" कोलीन म्हणाली. "बाबांनीच चुगली केली?"

"चुगली नाही केली," एफी म्हणाली. "आभार मानले. आणि हाताने लिहिलं मी."

इव्हॉन एकदम रडू लागली. सगळ्यांना वाटलं, सासऱ्याच्या आठवणीने. तसंही होतं, पण त्यात सुटकाही होती. ओल्या हातांनीच तिने कोलीनच्या खांद्याला धरलं. "ऐक माझं. एकदा छापलं त्याचं काही नाही. झटका आलेला म्हातारा माणूस, काहीही बोलला, असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा छापलं तर म्हणता यायचं नाही. कंस नको. गुरुवारी मी येते तुझ्याबरोबर."

"आता कशाला लपवायचं?" ब्लेअर म्हणाला. बायको कोलीनकडे फिरली होती, म्हणून तोही फिरला, पण उलट्या दिशेने. "वेंडेल चांगला कमावतोय. सांगून टाका आणि मोकळे व्हा. त्याचा पगार पुरेल की तुला."

"पुरेल," कोलीन म्हणाली, "आज." ती वेंडेलकडे न बघता बोलत होती. "हा कंत्राटी आहे. मे महिन्यात बोलावतील की नाही, त्यालाच माहीत नाही. विमा नाही, काही नाही. बोलावलं नाही तर? माझं कार्ड परत मिळवायला किती महिने लागतील ते इव्हॉनला विचार. तोवर ही बोटं कुणाकडे नेऊ? आणि ते जाऊ दे. कारखाना सुटल्यावर एकदा मी एका माणसाच्या पगाराला लटकले होते, ब्लेअर. ब्रेड घ्यायला त्याच्याकडे हात पसरायचे आणि तो विचारायचा, कालचा कुठे गेला? पुन्हा नाही. भत्ता तुटपुंजा असेल, पण तो माझ्या नावाने येतो. मला कुणाला विचारावं लागत नाही."

तिला वेंडेल ऐकतोय हे माहीत होतं. तो दाराशी टोपी हातात धरून उभा होता, बुटांवरचा बर्फ वितळून लादीवर पाणी साचत होतं. मी टेरेन्स नाही, असं म्हणायला तो तोंड उघडणार होता. मग त्याला वाटलं, टेरेन्सनेही पहिल्या वर्षी हेच म्हटलं असणार.

"माझं नाव नको," तो म्हणाला. "नुसतं कोलीन लिही, ब्लेअर. आणि उद्या फ्युनरल होममध्ये मी घरच्यांत उभा राहणार नाही. इतर लोकांसारखा येईन."

"वेंडेल," एफी म्हणाली.

"लॉकीला माहीत होतं मी कोण ते, मिसेस मॅकफी." तिने त्याला शंभरदा सांगितलं होतं की एफी म्हण. "त्याने छापून दिलंय. मला आणखी छापायला नको."

तो फावडं घ्यायला पुन्हा बाहेर गेला. पायरीवर आता बर्फ उरला नव्हता, तरी बराच वेळ खरवडण्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्युनरल होममध्ये घरची माणसं शवपेटीशेजारी रांगेने उभी होती. एफीला खुर्ची दिली होती, मग ब्लेअर, इव्हॉन, आणि शेवटी कोलीन. समोरून गाव येत होतं. खाणीतले जुने सोबती, काठ्या टेकत. आर्ची, ज्याने मासा पाठवला होता. प्रत्येक जण एफीच्या खांद्यावर हात ठेवायचा, ब्लेअरचा हात हलवायचा, इव्हॉनला जवळ घ्यायचा, आणि मग कोलीनचा हात धरून मनापासून दाबायचा. "वाईट झालं गं, पोरी. भला माणूस होता." प्रेमानेच दाबत होते. पण प्रत्येक दाबण्याबरोबर बोटांतून वीज दंडापर्यंत जात होती, आणि कोलीन दात आवळून 'आल्याबद्दल आभार' म्हणत होती. हात मागे घेतला तर लोक म्हणतील, बापाच्या शवापाशीही ताठा गेला नाही.

भिंतीलगतच्या खुर्च्यांवर पाइन बाई येऊन बसली होती. ती रांगेतून आधीच जाऊन आली होती, तरी हलत नव्हती. मांडीवर आजचा पेपर होता, घडी निधनवार्तेच्या पानावर. कंस नाही, हे तिने दोनदा वाचलं होतं. आता तिला बघायचं होतं की जो पेपरात नाही, तो इथे कुठे उभा राहतो.

कोलीनला तो लांबूनच दिसला. रांगेत हॉकीवाल्या पोरांच्या मागे. केसांना पाणी लावून चापून बसवलेले, आणि गळ्यात निळा टाय. तो टाय तिने ओळखला. बाबांचा, चर्चचा. म्हणजे सकाळी आईने काढून दिला असणार.

तो एकेक पाऊल पुढे सरकत होता. मध्ये एका म्हातारीला जागा देऊन स्वतः मागे झाला. त्याच्या मागच्या माणसाने त्याला काही विचारलं, त्याने नुसती मान हलवली. बापाचे कान, पाठ, पायांच्या बोटांमधल्या खाचा दर शनिवारी धुणारा माणूस बापापर्यंत पोचायला परक्यांच्या रांगेत उभा होता. कोलीनला हे बघवेना. आपणच उभं केलंय त्याला तिथे.

"मिसेस मॅकफी," तो एफीपुढे वाकला. "फार वाईट झालं."

 एफीने त्याच्या टायची गाठ नीट केली.

ब्लेअरने त्याचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. काही तरी बोलायचं होतं त्याला, पण ते त्याच्या घराण्यात कुणालाच जमत नसे. "पायऱ्या छान झाल्या," तो शेवटी म्हणाला. इव्हॉनने वेंडेलच्या गालाला गाल लावला आणि डोळे पुसले.

मग तो कोलीनपुढे आला. खुर्च्यांकडे कुजबुज थांबली.

"तुमच्या दुःखात सहभागी आहे," तो म्हणाला. तुमच्या म्हणाला तो. आणि त्याने हात पुढे केला.

कोलीनने आपला हात दिला. आणि दुपारपासून पहिल्यांदा तो हात दुखला नाही. वेंडेलने पंजा तिच्या पंजाखाली धरला होता, उघडा, तळहात वर करून, पाखराला दाणा देताना धरतात तसा. अंगठासुद्धा वर आणला नव्हता. घरी असला की रोज सकाळी बोटं सुटेपर्यंत तो असाच हात धरून बसायचा, किटली उकळेपर्यंत. गावातल्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला सकाळी त्या स्वयंपाकघरात असावं लागतं.

पाइन बाई खुर्चीवरून पुढे झुकली होती. तिचे डोळे त्या दोन हातांवर होते. तिला काही विचारावं लागणार नव्हतं.

वेंडेलनेही ते पाहिलं. त्याने हात काढून घेतला आणि तो दाराकडे वळला.

"कुठे निघालास?" कोलीन म्हणाली.

"बाहेर. ट्रकमध्ये बसतो."

"इथे उभा राहा."

"कोलीन, गुरुवारी..."

"गुरुवारी माझं मी बघेन. इथे, या बाजूला. आणि टाय सरळ कर."

तो आला. तिच्या पलीकडे, रांगेच्या टोकाला उभा राहिला. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना, तेव्हा त्याने पाठीमागे बांधले. इव्हॉनने जागा करायला एक पाऊल बाजूला घेतलं, तिच्या बाजूला ब्लेअरने, आणि एफीने खुर्ची ओढून घेतली. अख्खं घर एका माणसाएवढं सरकलं.

पाइन बाईला बसवेना. ती उठली आणि रांगेत पुन्हा आली, मध्येच घुसून, सरळ कोलीनपाशी.

"हे कोण म्हणायचे?" तिने गोड आवाजात विचारलं. "पेपरात नाव दिसलं नाही गं."

कोलीनने एकदा बापाकडे पाहिलं. शवपेटीत लॉकी चेहरा असा करून पडला होता की जणू काही हा प्रश्न त्यालाच विचारला होता आणि उत्तर तोंडावर होतं.

"हा वेंडेल," ती म्हणाली. आवाज सगळ्या खोलीत जाईल इतका मोठा होता. "माझ्याकडे राहतो. पेपरात आम्ही चुकलो. गुरुवारी मी स्वतः जाऊन दुरुस्त करून येणार आहे."

पाइन बाईने हात पुढे केला. कोलीनने आपले दोन्ही हात छातीशी घेतले आणि हनुवटीने वेंडेलकडे दाखवलं.

"माझा दुखतो," ती म्हणाली. "त्याच्याशी मिळवा."